न मावळलेला हिरवा

आमच्या पुण्याच्या घराच्या गच्चीवर काळ्या चेरी टोमॅटोचे रोप ज्या वर्षी प्रथम लागले, त्या वर्षीचा पहिला बहर मी निव्वळ अज्ञानापायी वाया घालवला. झुपक्यांनी लोंबणारी ती बोराएवढी फळे हिरव्याची तपकिरी झाली, तपकिरीची काळपट जांभळी झाली, आणि तरीही ती लाल होतील या आशेने मी रोज सकाळी चहाचा पेला हातात घेऊन त्यांच्यापुढे उभा राहत असे. फळे मात्र लाल न होता एकामागून एक तडकली व गळून पडली. अखेर माझ्या वडील भगिनी, ज्यांना आम्ही घरात अक्का म्हणतो, त्यांनी पडलेल्यांपैकी एक धड फळ उचलून पदराला पुसले, तोंडात टाकले आणि विचारले, "अरे, हे तर केव्हाच पिकलंय! तू वाट तरी कशाची पाहतोयस?"

प्रश्न साधा होता. परंतु त्याचे उत्तर शोधता शोधता मी वनस्पतिशास्त्राच्या ज्या दालनात जाऊन पोहोचलो, तेथे असे आढळले की ज्याला आपण या फळाचा काळा रंग म्हणतो, तो बहुतेक वाणांत स्वतंत्र असा रंगच नव्हे. तो लालाच्या मागे राहून गेलेला हिरवा आहे. ही एक गोष्ट नीट उमगली म्हणजे हे फळ केव्हा तोडावे, कोठे ठेवावे आणि चुलीवर किती वेळ चढवावे, या तिन्ही प्रश्नांचा उलगडा आपोआप होतो.

टोमॅटोचे मूळ कूळ दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम अंगाला, अँडीज पर्वताच्या परिसरातले. त्याला लागवडीखाली आणून आजचे रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने मेक्सिकोतील प्राचीन शेतकऱ्यांकडे जाते, आणि 'टोमॅटो' हा शब्दही तेथील नाहुआत्ल भाषेतील 'तोमात्ल'वरून स्पॅनिश लोकांच्या तोंडून जगभर गेला. इटलीत मातिओली या वैद्याने १५४४ साली या फळाची नोंद केली तेव्हा त्याला ते वांग्याचाच एक प्रकार वाटले, आणि दहा वर्षांनी त्याच्याच ग्रंथात त्याला 'सोन्याचे सफरचंद' अशा अर्थाचे नाव मिळाले. लिनिअसने १७५३ साली त्याला वांगे व बटाटा यांच्या प्रजातीत बसवले. पुढे १७६८ साली फिलिप मिलरने त्याला तेथून उठवून 'लांडग्याचे पीच' अशा अर्थाच्या निराळ्या प्रजातीत टाकले. आणि अलीकडच्या काळात जनुकांची रुजवात पाहून शास्त्रज्ञांनी त्याला पुन्हा लिनिअसच्या घरी आणून सोडले. मराठीने या बाबतीत फारसा घोळ घातला नाही. वेलवांगी हे त्याचे एक मराठी नाव या नात्याची बरोबर साक्ष देते, आणि वऱ्हाडात तर त्याला 'भेदरं' असे स्वतःचे नाव आहे. मात्र धोत्रा व तंबाखू यांच्याशी असलेली त्याची भाऊबंदकी लक्षात घेता युरोपात कित्येक वर्षे लोक त्याला विषारी समजत होते, आणि आपल्याकडेही कित्येक सोवळ्या घरांत श्राद्धपक्षाच्या स्वयंपाकात त्याला मज्जाव असे, याचे नवल वाटत नाही.

हे फळ की भाजी, हा वाद तर थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८८३ च्या जकातीच्या कायद्याने आयात भाज्यांवर जकात बसत होती, फळांवर नव्हती. तेव्हा न्यूयॉर्कच्या बंदरातील जकात अधिकाऱ्याविरुद्ध व्यापाऱ्यांनी फिर्याद लावली, आणि १८९३ साली न्यायालयाने असा फैसला दिला की वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने टोमॅटो हे फळ असले, तरी लोक ते जेवणात भाजी म्हणून खातात, सबब जकात भरली पाहिजे. काळ्या चेरी टोमॅटोचा सुगीचा झुपका समोर असताना मात्र या फैसल्याचा फेरविचार व्हावा असे वाटते. कारण ही फळे स्वयंपाकघरापर्यंत क्वचितच पोहोचतात, ती बहुधा गच्चीवरच संपतात.

आता रंगाकडे वळू. कच्च्या टोमॅटोचा हिरवेपणा हा पानांतल्याच हरितद्रव्याचा असतो. फळ पिकण्याचा हुकूम सुटला म्हणजे त्याच्या गरात दोन कामे बरोबरीने चालतात: हरितद्रव्य मोडीत काढले जाते आणि लायकोपीन नावाचे तांबडे द्रव्य साठू लागते. जणू एका मामलेदाराची बरखास्ती आणि दुसऱ्याची नेमणूक एकाच फर्मानाने व्हावी. काळपट टोमॅटोंत नव्या तांबड्या कारभाऱ्याची नेमणूक वेळच्या वेळी होते. परंतु जुन्या हिरव्याच्या बरखास्तीचा कागद कोठेतरी दप्तरातच अडकून राहतो. हरितद्रव्य मोडण्यास साहाय्य करणाऱ्या एका प्रथिनात लहानसा बिघाड असतो, त्यामुळे ते फळातून पुरते हटत नाही, आणि हिरवा व तांबडा हे दोन विरोधी रंग एकाच गरात नांदू लागले की डोळ्याला तपकिरी, चॉकलेटी किंवा काळसर दिसते. फळाची साल पिवळसर असेल तर ही छटा मातकट तपकिरीकडे झुकते. साल रंगहीन असेल तर जांभळीकडे. 'ब्लॅक चेरी', 'चॉकलेट चेरी', क्रिमियाचे नाव धारण करणारा मोठ्या फळाचा 'ब्लॅक क्रिम', अमेरिकेच्या टेनेसीतून प्रसिद्धीस आलेला 'चेरोकी पर्पल' हे सारे या न मावळलेल्या हिरव्याचेच वंशज आहेत.

टोमॅटोतील हा बिघाड नेमका कोठे आहे हे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. त्याच संशोधनात असेही आढळले की पिकूनही चॉकलेटी राहणाऱ्या मिरचीत याच प्रथिनाचा बिघाड असतो. त्याच्या एकच वर्ष आधी आणखी एक मौजेची गोष्ट उघडकीस आली होती. ग्रेगोर मेंडेल या धर्मोपदेशकाने आपल्या मठाच्या बागेत वाटाण्याचे पिवळे व हिरवे दाणे मोजून आनुवंशिकतेचे नियम बांधले आणि १८६६ साली ते प्रसिद्ध केले. त्या हिरव्या दाण्यांचा हिरवेपणाही याच जातीच्या प्रथिनातील दोषामुळे टिकून राहिलेला होता. म्हणजे आधुनिक आनुवंशशास्त्राचा पाया ज्या हिरव्यावर घातला गेला, त्याच हिरव्याचा एक दूरचा नातलग आज आपल्या कुंडीत काळा होऊन लोंबत असतो.

परंतु बाजारात काळा म्हणून मिळणारा प्रत्येक टोमॅटो या घराण्यातला नसतो. दुसऱ्या एका घराण्यात खरोखरीच निराळे रंगद्रव्य आहे, आणि ते म्हणजे जांभूळ व वांग्याची साल यांना रंग देणारे अँथोसायनिन. चिली व गॅलापागोस बेटांवरील रानटी टोमॅटोंपासून आलेली जनुके संकराने एकत्र आणून अमेरिकेतील ओरेगॉन राज्य विद्यापीठात जिम मायर्स यांच्या मार्गदर्शनाखाली 'इंडिगो रोझ' हा वाण तयार झाला व २०१२ साली तो लोकांसाठी खुला करण्यात आला. याची खूण अशी की काळिमा केवळ सालीत असतो, आत गर नेहमीसारखा तांबडा. आणि तोही उन्हाचा आश्रित असतो. देठाच्या पाकळ्यांखाली जेथे ऊन पोहोचत नाही, तेथे तो मुळीच उतरत नाही. घरात मुले असतील तर कोवळ्या फळावर चिकटपट्टीचा एखादा तारा डकवून पाहावा. पंधरवड्याने पट्टी काढली म्हणजे काळ्या सालीवर फिकट तारा उमटलेला दिसेल, आणि मुलांना प्रकाशाचा एक धडा फुकटात मिळेल.

तिसरे घराणे प्रयोगशाळेतले. इंग्लंडातील नॉर्विच येथील जॉन इनिस केंद्रात कॅथी मार्टिन यांनी स्नॅपड्रॅगन या फुलझाडाची दोन जनुके टोमॅटोत घालून साल व गर दोन्ही जांभळे असलेले फळ निर्माण केले आणि ते काम २००८ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेत त्याचे बी २०२४ पासून घरगुती बागवानांना विकले जाऊ लागले. आपल्याकडे बीटी वांग्यावर २०१० साली आलेली स्थगिती अद्याप स्मरणात असल्याने हे बी आपल्या कुंडीत येण्याचा प्रश्न तूर्त उद्भवत नाही.

फळ लहान असण्यालाही अर्थ आहे. चेरी टोमॅटो हे रानटी टोमॅटो आणि बाजारी टोमॅटो यांच्या मधल्या पायरीवरचे रूप आहे. मनुष्याने आकारासाठी निवड करता करता फळात पाणी वाढवले आणि त्या मानाने साखर पातळ केली; दहा-वीस ग्रॅमच्या या फळात ती अद्याप दाट राहिली आहे. मोठ्या टोमॅटोच्या गोडीवर आणखी एक घाला मनुष्याच्या सौंदर्यदृष्टीने घातला. कच्च्या फळाच्या देठाजवळ जो गडद हिरवा पट्टा असतो, तो व्यापाऱ्यांना नकोसा. म्हणून एकसारख्या फिकट हिरव्या रंगाची फळे देणारी झाडे सुमारे सत्तर वर्षे निवडली गेली. २०१२ साली उघड झाले की त्या निवडीबरोबर फळाला स्वतःपुरती साखर बनवण्याचे बळ देणारे एक जनुकच निकामी होऊन गेले होते. काळ्या चेरीच्या खांद्यावर बहुधा तो गडद पट्टा शाबूत असतो. नारायणगावच्या किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात क्रेटवर क्रेट रचून दूरच्या शहरांना रवाना होणाऱ्या टोमॅटोला जाड साल व एकसारखा रंग असावाच लागतो, त्याला इलाज नाही. परंतु ज्याच्या फळाचा सारा प्रवास गच्चीपासून ताटापर्यंतचा, त्याने ती अट का म्हणून पाळावी?

लागवडीचा हंगाम दख्खनच्या पठारावर गणपती गेल्यावर धरावा. टोमॅटोची फळधारणा थंड रात्रींवर अवलंबून असते. रात्रीचे तापमान १५ ते २० अंशांच्या आसपास असले म्हणजे फूल धरते. दिवसाचा पारा ३५ अंशांवर गेला आणि रात्रीही उबदार राहिल्या, तर झाड फुलांनी लगडलेले दिसते आणि फुले तशीच गळून जातात. शिवाय ३० अंशांच्या पलीकडे लायकोपीन तयार होण्याचे काम मंदावते, आणि मग आपला काळा टोमॅटो तांबड्याच्या अभावी नुसताच शेवाळी दिसतो. सप्टेंबरात बी टाकावे. ते अर्धा-पाऊण सेंटिमीटरपेक्षा खोल नसावे. आठवड्याभरात ते उगवते, आणि दसऱ्याच्या सुमारास, रोप चार-पाच आठवड्यांचे झाले म्हणजे, त्याला मोठ्या कुंडीत हलवावे. या वेळी खालची पाने खुडून रोप मातीत चांगले खोल पुरावे, कारण टोमॅटोच्या खोडाला मातीचा स्पर्श झाला की तेथूनही मुळे फुटतात.

कुंडी निदान पंधरा इंचांची हवी. माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि ओल टिकावी म्हणून कोकोपीट, यांत मूठभर निंबोळी पेंड मिसळली की झाले. हे वाण थांबणारे नव्हेत. वेलासारखे सहा-सात फूट चढत जातात. म्हणून लावणीच्याच दिवशी बांबू रोवून ठेवावा, नंतर रोवल्यास मुळांना इजा होते. पान आणि खोड यांच्या बेचक्यात जी बगलफूट येते, ती बोटाएवढी असतानाच काढून एक किंवा दोनच फांद्या सुतळीने वर न्याव्यात. ज्यांना तंबाखू-चुना मळण्याची किंवा विडीची सवय आहे, त्यांनी झाडाला हात लावण्यापूर्वी तो साबणाने धुवावा. तंबाखूतला एक विषाणू या भाऊबंदाच्या अंगावर सहज चढतो.

टोमॅटोचे फूल स्वतःच स्वतःला फळवते, परंतु त्याचे परागकोश नळीसारखे जुळलेले असून पराग टोकाच्या छिद्रांतून बाहेर येतो, आणि तो येण्यासाठी फुलाला कंप मिळावा लागतो. मधमाश्यांना ही विद्या अवगत नाही. आपल्याकडे ती काळ्या भुंग्याला आणि निळ्या पट्ट्यांच्या एका रानमाशीला येते. फुलाला बिलगून ते पंखांचे स्नायू असे थरथरवतात की पराग पिठासारखा झडतो. ज्या गच्चीवर भुंगा येत नाही, तेथे मालकाने सकाळी दहा-अकराच्या सुमारास फुलांच्या देठाला हलकी टिचकी मारून भुंग्याचे काम करावे.

शत्रूंची गणती मोठी आहे. पांढरी माशी पाने आक्रसून टाकणारा विषाणू आणते, आणि एकदा पर्णगुच्छ झालेले झाड बरे होत नाही, ते उपटून टाकणेच शहाणपणाचे. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी शेजारी झेंडू लावतात, कारण तिची मादी झेंडूवरही अंडी घालते. टुटा नावाची दक्षिण अमेरिकेतली पाने पोखरणारी अळी तर २०१४ साली भारतात प्रथम पुण्याच्याच परिसरात आढळली. टोमॅटो त्या खंडातून येथे आला, आणि त्याचा वैरी पत्ता शोधत चार-पाचशे वर्षांनी मागोमाग आला. निंबोळी अर्काची नियमित फवारणी आणि पानांची रोजची पाहणी, एवढी तजवीज घरगुती बागेला बहुधा पुरते. पाण्याचा नेम मात्र चुकवू नये. चार दिवस कोरडे ठेवून पाचव्या दिवशी घागर ओतली, तर मुळे अधाशासारखे पाणी ओढतात, गर फुगतो आणि पातळ साल तडकते. माझ्या पहिल्या बहराची गत अशीच झाली होती.

आता अक्कांच्या प्रश्नाचे उत्तर. लाल होण्याची वाट पाहू नये, कारण हिरवा पुरता जाणारच नाही. फळ बोटांत धरून किंचित दाबावे. कठीणपणा जाऊन रबरासारखी लवचीकता आली असेल, तळाकडचा हिरवा हटून विटकरी छटा चढली असेल आणि देठाच्या गाठीशी फळ सहज सुटत असेल, तर ते पिकले. सालीत काळे असणाऱ्या वाणात फळ उलटे करून उन्हाआडचा भाग पाहावा. तो हिरव्याचा तांबडा झाला म्हणजे झाले. तोडलेले फळ शीतकपाटात ठेवू नये. फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की थंडीने टोमॅटोतील सुगंध निर्माण करणारी जनुके मंदावतात, आणि फळ पुन्हा बाहेर काढून ठेवल्यावरही तो गंध पुरता परतत नाही. टोपलीत, देठ खाली करून, सावलीत ठेवणे हेच उत्तम.

स्वयंपाकाचा सारा विवेक याच रंगाच्या स्वभावात आहे. हरितद्रव्याला उष्णता आणि आंबटपणा ही जोडी सोसत नाही. त्याच्या केंद्रस्थानी असलेला मॅग्नेशियमचा अणू निसटतो आणि रंग मळकट होतो. अँथोसायनिन तर पाण्यातच विरघळून निघून जाते. यास्तव काळा टोमॅटो तासभर उकळणे म्हणजे त्याचे काळेपण पातेल्याच्या स्वाधीन करणे होय. त्याची उत्तम गती कोशिंबीर. फळांचे दोन-दोन भाग करून त्यांवर दाण्याचे कूट, चिमूटभर साखर आणि घट्ट दही घालावे, आणि तूप, जिरे, हिंग व हिरव्या मिरचीची चुरचुरीत फोडणी द्यावी; मीठ मात्र पाने वाढतेवेळी घालावे, नाहीतर फळांना पाणी सुटते.

दुसरी गती वऱ्हाडी चटणीची. फळे जाळीवर ठेवून साल करपेपर्यंत भाजावीत, मोठ्या आचेवर आणि थोडा वेळ. मग भाजलेली लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मीठ घालून ती हातानेच कुस्करावीत, व वरून कच्चे जवसाचे तेल सोडावे. येथे तेल केवळ चवीला नाही. लायकोपीन तेलात विरघळते, पाण्यात नाही, आणि थोडी धग लागली म्हणजे ते पेशींतून मोकळे होते. भाकरीबरोबर या चटणीला दुसरे तोंडीलावणे लागत नाही.

साराचा मोह आवरत नसेल तर फळे झाकण न ठेवता जेमतेम मऊ होईतो शिजवावीत, गाळून घ्यावीत, आणि नारळाचे दूध घातल्यावर उकळी येऊ देऊ नये. सार तांबडे न होता विटकरी-तपकिरी होईल; पाहुण्यांना ते अपरिचित वाटेल, परंतु चव घेतल्यावर कोणी तक्रार केल्याचे मला स्मरत नाही. भांडे स्टीलचे किंवा कल्हईचे असावे. ॲल्युमिनियमला वा बिनकल्हईच्या पितळेला हा आंबटपणा मानवत नाही. फाल्गुनात उन्हे चढू लागली आणि फळे उरली, तर अर्धी चिरून, मीठ लावून, पातळ फडक्याखाली चार-पाच दिवस कडकडीत वाळवावीत. टोमॅटोत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असल्याने किलोभर फळांचा जेमतेम मूठभर ऐवज होतो, पण आमटीत त्याच्या चार फोडी पुरतात.

शेवटचे एक काम राहते. 'ब्लॅक चेरी' हा संकरित वाण नाही, त्याचे बी आईबापांसारखेच झाड देते. म्हणून पहिल्या बहरातील सर्वांत निरोगी झुपका खाण्यासाठी न तोडता बियाण्यासाठी राखून ठेवावा. पिकलेल्या फळांचा बलक भांड्यात काढून दोन-तीन दिवस आंबू द्यावा, म्हणजे बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण सुटते. मग त्या धुऊन सावलीत वाळवाव्यात आणि कागदाच्या पुडीत घालून वर साल लिहावे. हिरवा टिकवणारा गुण मागे दबून राहणारा आहे, म्हणून शेजारच्या तांबड्या वाणाशी चुकून संकर झाला, तर पुढल्या पिढीत फळे साधी लाल निघतील. तेव्हा दोन्ही वाण एकमेकांपासून काही अंतरावर लावावेत. कोरड्या जागी हे बी चार-पाच वर्षे सहज टिकते. आमच्या घरी त्या पुड्या अक्कांच्या कपाटात, हिंगाच्या रिकाम्या डबीत असतात, आणि भाद्रपद सरता सरता त्यांतली एक माझ्या हातावर ठेवली जाते.